खोली हवी, पण बाळाला नाही

मलकापूर-बुलढाण्याहून काढून आणलेल्या घराच्या नकाशात हल्ली एक चौकोन हमखास सापडतो. दहा बाय दहाचा, फार तर दहा बाय बाराचा. त्यावर लिहिलेलं असतं ‘किड्स रूम’. मोताळा तालुक्यातलं धामणगाव बढे हे कापूस, सोयाबीन, मक्याचं गाव. तिथेही हा चौकोन येऊन पोचला आहे. पोरगा पुण्याकडे कंपनीत, त्याच्या पगारातून गावात स्लॅबचं घर, लग्नाला अजून वर्ष व्हायचं आहे, आणि बाळाच्या खोलीची जागा मात्र पक्की. इकडे गावात चौकोन नकाशावर असतो. तिकडे पुण्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तो रंगून, ढग चिकटवून तयारही झालेला असतो.

या चौकोनाला माझा विरोध आहे. पण त्याची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती घेणारी माणसं अडाणी नाहीत.

त्यांचं म्हणणं असं. लेकरू भराभर वाढतं. जन्मताना सुमारे 50 सेंटीमीटर लांबीचं बाळ वर्षाचं होईपर्यंत 75 सेंटीमीटर होतं आणि चौथ्या वर्षी मीटरभर उंच. वजन पाचेक महिन्यांत दुप्पट, वर्षात तिप्पट. इतक्या वेगानं बदलणाऱ्या माणसासाठी दर दोन वर्षांनी नवं सामान घेत बसण्यापेक्षा सामानच असं घ्यावं की जे त्याच्याबरोबर बदलेल. पाळण्याच्या कडा काढल्या की त्याचा छोटा पलंग, पुढे आणखी दोन फळ्या जोडल्या की मोठा पलंग. कपडे बदलायच्या टेबलाचं पुढे अभ्यासाचं टेबल. भिंतीवरचे ढग सोलले की सौरमाला. एकदाच खर्च करा आणि दहावीपर्यंत निश्चिंत राहा. शिवाय मूल पहिल्यापासून आपल्या खोलीत झोपलं की स्वावलंबी होतं, आईबापांनाही झोप मिळते. काटकसर, दूरदृष्टी आणि स्वावलंबन, असे तिन्ही गुण एका खोलीत.

पहिली अडचण अगदी साधी आहे: त्या खोलीत बाळ नसतं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरून पोरगी माहेरी येते आणि बाळ सव्वा महिन्याचं, बरेचदा तीन-चार महिन्यांचं झाल्यावर परत जाते. म्हणजे पुण्यातली ढगांची खोली ज्या दिवसांसाठी सजवली, ते दिवस बाळ धामणगावात आजीच्या घरी, आईशेजारच्या बाजेवर किंवा वरच्या कडीला टांगलेल्या पाळण्यात काढतं. बारसंही इथेच होतं. खोलीचा फोटो मात्र सगळ्या सोयऱ्यांच्या मोबाइलवर फिरून आलेला असतो.

बरं, बाळ परत गेल्यावर तरी ते त्या खोलीत एकटं झोपावं का? ज्या अमेरिकेतून ही वेगळ्या खोलीची हौस आपल्याकडे आली, तिथल्या बालरोगतज्ज्ञांची सर्वांत मोठी संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, 2022च्या आपल्या शिफारशीत सांगते की पहिले किमान सहा महिने बाळानं आईबापांच्याच खोलीत, त्यांच्या अंथरुणाजवळ, पण स्वतंत्र, सपाट आणि घट्ट पृष्ठभागावर, पाठीवर झोपावं. भोवती उशा नकोत, मऊ खेळणी नकोत, कडेला लावायचे गुबगुबीत गादीपट्टे नकोत. त्याच वर्षी अमेरिकेनं ते गादीपट्टे आणि दहा अंशांपेक्षा जास्त उतार असलेली बाळांची झोपायची साधनं कायद्यानंच बंद केली, कारण त्यांत लेकरं गुदमरून दगावली होती. आपल्याकडे मात्र बाळाच्या खोलीच्या जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत पाळण्याच्या चारी बाजूंनी ते पट्टे अजून दिसतात. आणि आपल्याकडचा मे महिना! बुलढाण्याच्या घाटाखालचा हा पट्टा चव्वेचाळीस अंशांपर्यंत तापतो. स्लॅबखालच्या खोलीत, चारी बाजूंनी फोम लावलेल्या खोक्यात तान्हं बाळ ठेवणं हा काय प्रकार आहे हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

म्हणजे सहा महिने गेले. पुढची दीड-दोन वर्षंही आमच्या घरात कोणतं लेकरू वेगळ्या खोलीत झोपतं? रात्री दोनदा उठून पाजायचं असतं, तिसऱ्यांदा दुपटं बदलायचं असतं. आई दर वेळी उठून दुसऱ्या खोलीत जाईल, हे फक्त नकाशा काढणाऱ्याला शक्य वाटतं. त्या खोलीत तोवर इस्त्रीचे कपडे, बॅगा आणि न वापरलेली सायकल जमा होते.

आता काटकसरीचा मुद्दा, जो मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो हिशोबाच्या भाषेत बोलतो आणि हिशोबच चुकीचा मांडतो. बदलत्या पलंगाचा हिशोब एका मुलाच्या आयुष्यावर केलेला असतो. आमच्या घरांतला पाळणा असा हिशोब करत नाही. लाकडी पाळणा थोरल्या काकूच्या मुलासाठी आलेला असतो, मग आत्याच्या मुलीकडे जातो, तिथून मामाकडे, आणि पंधरा-वीस वर्षांत दहा-बारा लेकरांना झोपवून माळ्यावर चढतो. एका लेकराला तो वर्ष-दीड वर्ष पुरतो आणि तेवढंच त्याचं काम. वाढणं लेकराचं काम आहे, पाळण्यानं पुढच्या घरी जायचं असतं. उलट ज्या पाळण्याचा छोटा पलंग आणि छोट्याचा मोठा पलंग झाला, तो पहिल्याच मुलाला जन्माचा बांधला गेला. तीन वर्षांनी धाकटं आलं की थोरलं त्याच लाकडावर झोपलेलं असतं. धाकट्यासाठी दुसरा पाळणा घ्यावाच लागतो. एवढी किंमत मोजून घेतलेली ही काटकसर अशी पहिल्या भावंडाबरोबरच संपते.

यात सुरक्षिततेचीही एक गोष्ट आहे. एक कडा खाली सरकवता येणारे पाळणे अमेरिकेत वर्षानुवर्षं विकले जात होते. त्यांचे बिजागर, खिट्ट्या सैल व्हायच्या, लोक घरी जोडताना एखादा स्क्रू उलटा लावायचे, कडेत फट पडायची आणि त्या फटीत बाळ अडकायचं. जून 2011मध्ये तिथे त्यांच्या विक्रीवर बंदी आली. जी वस्तू पुन्हा पुन्हा उघडायची, फिरवायची आणि परत जोडायची असते, तिचा धोका असा जोडांमध्ये असतो. सात वर्षांनी दुसऱ्या गावी, बदललेल्या भाड्याच्या घरात, हरवलेल्या तीन बोल्टांऐवजी सुताराकडून साध्या चुका ठोकून घेतलेला पलंग डोळ्यांसमोर आणा.

एका बाबतीत मी मागे सरतो. वाढत्या मुलाबरोबर बदलणारी वस्तू सरसकट खोटी नाही. नॉर्वेच्या पीटर ऑप्सविक यांनी 1972 साली ‘ट्रिप ट्रॅप’ नावाची एक खुर्ची काढली. तिच्या दोन तिरप्या खांबांत खाचा आहेत. बसायची आणि पाय ठेवायची फळी वर-खाली सरकते, त्यामुळे लहान मूल मोठ्यांच्या टेबलाशी, मोठ्यांच्या उंचीवर, पाय लोंबकळू न देता बसू शकतं. पन्नास वर्षांनंतरही ती विकली जाते, आणि ते बरोबर आहे. पण तिच्यात काय बदलतं ते पाहा: एका फळीची जागा. तीही ज्या घरात टेबलाशी बसून जेवतात तिथे. आमच्याकडे पंगत जमिनीवर, पाटावर बसते, आणि पाट दोन वर्षांच्या पोरीलाही चालतो आणि आजोबांनाही. ज्या प्रश्नाचं उत्तर ती खुर्ची आहे, तो प्रश्न आमच्या जेवणघरात अजून आलेला नाही. शाळेत जाऊन लिहायला लागल्यावर तो येतो. तेव्हा उंची कमी-जास्त करता येणारी एक खुर्ची आणि साधं टेबल घ्या, मी हात आखडणार नाही.

आणि नकाशातल्या त्या चौकोनाचं धामणगावात प्रत्यक्षात काय होतं? दसरा-दिवाळीच्या सुमारास तिथे कापूस येतो. वेचणी सुरू झाली की घरातली जी खोली रिकामी, ती पांढरी होते. 2021-22च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, म्हणून पुढच्या वर्षी अनेकांनी भाव परत चढेल या आशेनं माल घरात धरून ठेवला, आणि उन्हाळा लागला तरी कापूस घरातच होता. घरात साठलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, हे विदर्भातल्या प्रत्येक शेतकरी घराला ठाऊक आहे. ‘मुलाबरोबर वाढणारी खोली’ म्हणून जी बांधली, ती खरं तर कापसाच्या भावाबरोबर भरते आणि रिकामी होते. यात कुणाची हौस कमी पडली असं नाही. शेतमाल ठेवायला दुसरी जागा नाही, गोदाम नाही, आणि भाव ठरवणं आपल्या हातात नाही.

हे झालं स्लॅबवाल्यांचं. घरकुलाचं काय? 2016पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण)मध्ये घराचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, स्वयंपाकाची जागा धरून. सपाट भागात मदत 1 लाख 20 हजार. 25 चौरस मीटर म्हणजे 270 चौरस फुटांच्या आतबाहेर. त्यात चूल, मोरी, देवाचा कोनाडा, धान्याची कोठी आणि चार-पाच माणसं. तिथे बाळाच्या खोलीची चर्चा करणं म्हणजे त्या माणसांची थट्टा. आणि तिथेही लेकरं वाढतातच, त्यामुळे रचनेचा विचार करायचाच असेल तर तो 270 चौरस फुटांतही लागू पडला पाहिजे, नाहीतर तो रचनेचा विचार नाही, फर्निचरची विक्री आहे.

इथवर वाचून आमच्याकडच्या काही मंडळींना आनंद झाला असेल. त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, “लेकराले खोली कायले लागते, मानसं लागतात. आमी नाई का वाढलो?” तेव्हा हा मोर्चा आता त्यांच्याकडे वळवतो.

‘आम्ही नाही का वाढलो’ असं म्हणणारा जगलेला असतो, हीच त्या युक्तिवादाची गोम आहे. जे वाढले नाहीत ते बोलायला येत नाहीत. 1971 साली भारतात हजार जन्मांमागे 129 बाळं वर्षाच्या आत जात होती. 2020मध्ये तो आकडा 28 झाला. हा फरक लसीकरणानं, दवाखान्यातल्या बाळंतपणानं, स्वच्छ पाण्यानं आणि मुलगी थोडी उशिरा आई होऊ लागल्यानं पडला, आजीच्या कोंदट खोलीमुळे नव्हे. बाळंतिणीची ती खोली म्हणजे काय असायचं? दार-खिडकी बंद, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओवा-शेपाची धुरी, आणि त्या धुरात नुकतंच श्वास घ्यायला शिकलेलं फुफ्फुस. तिला मायेची ऊब म्हणत आपण फार वर्षं काढली.

झोळीचंही तसंच. जुन्या लुगड्याची झोळी हवेशीर असते, कापूस वेचायला गेलेल्या आईला ती लिंबाच्या फांदीला टांगता येते, रडणारं लेकरू तिच्यात झटकन निजतं. हे सगळं खरं. पण तिच्यात बाळ दुमडतं, हनुवटी छातीला टेकते, आणि तान्ह्याची श्वासनलिका इतकी बारीक असते की तेवढ्यानं श्वास अडू शकतो. मोठी भावंडं त्याच साडीचा झोका करून पीळ देऊन खेळतात आणि गळ्याला फास बसतो. अशा अपघाती मृत्यूंची नोंद आपल्या वैद्यकीय नियतकालिकांत आहे. थोड्या वेळाच्या डुलकीला, डोळ्यांसमोर, झोळी ठीक. रात्रीच्या झोपेला नाही, आणि बाळ आत नसेल तेव्हा ती गाठ मारून वर अडकवलेली हवी.

एका आयात कल्पनेचा निकाल मात्र या जुन्या मंडळींच्या बाजूनं द्यावा लागतो. बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींनी मुलाचं अंथरूण जमिनीलगत असावं असं सुचवलं, म्हणजे मूल आपलं आपण झोपायला जाईल आणि उठेल. त्यांचं तत्त्व रास्त आहे. त्या तत्त्वाचा आता ‘फ्लोअर बेड’ नावाचा महाग लाकडी चौकट-पलंग झाला आहे आणि तो गावातही मागवला जातो. ज्या देशातली कितीतरी माणसं जन्मभर जमिनीवर गादी घालून झोपतात त्यांना जमिनीवर झोपायची चौकट विकणं, याला कसब लागतं, हे मान्य. पण प्रश्न किमतीचा नाहीच. पावसाळ्यात आपल्या भागात मण्यार निघतो. तो रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्यांना चावतो, आणि त्याचा चावा बरेचदा दुखतही नाही. सकाळी पापण्या जड होऊन लक्षात येतं, तोवर वेळ गेलेली असते. म्हणून आमच्याकडची बाज, तिचे हातभर उंच खूर आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हे जूनपासून दिवाळीपर्यंत मॉन्टेसरीबाईंच्या तत्त्वापेक्षा वरचढ आहेत. रोमच्या सॅन लोरेन्झो वस्तीत, जिथे त्यांनी 6 जानेवारी 1907 रोजी पहिलं बालघर उघडलं, तिथे मण्यार नव्हता. मूल वयानुसार बदलतं हे सगळे सांगतात; गावानुसारही त्याची गरज बदलते हे कुणी सांगत नाही.

हे ज्यांना कळलं होतं त्यांचं नाव महाराष्ट्राला तोंडपाठ असायला हवं. ताराबाई मोडकांनी 1936 साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केलं, ते मॉन्टेसरी पद्धतीचं. पण 1945मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या, आणि तिथे, आणि पुढे 1957पासून कोसबाडच्या टेकडीवर, या दोघींनी महागडं साधनसाहित्य बाजूला ठेवलं. शिंपले, बिया, पानं, खडे, माती हेच साहित्य झालं. मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं चारायला जातात, असं दिसल्यावर शाळाच कुरणात नेली. मुलं अंगणातून हलत नाहीत तर बालवाडी अंगणात नेली. देशभरातल्या अंगणवाडीची कल्पना ती हीच. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि आज तिच्याच अंगणवाड्या गावोगाव आहेत. ताराबाईंनी मॉन्टेसरींचं काय उचललं आणि काय सोडलं ते नीट पाहिलं तर बाळाच्या खोलीच्या वादातलं निम्मं अंतर कापून होतं. मुलाच्या हाताला वस्तू पोचली पाहिजे, हे त्यांनी उचललं. ती वस्तू कुठल्या लाकडाची आणि कुठल्या दुकानातली, हे सोडलं.

हाताला पोचणं. ‘स्वावलंबना’चा जो मुद्दा वेगळ्या खोलीवाले पुढे करतात, त्याचं उत्तर इथे आहे. दोन वर्षांचं पोरगं अंधाऱ्या खोलीत एकटं झोपलं म्हणून स्वावलंबी होत नाही. तिथे ते फक्त रडून थकायला शिकतं. आपली टोपी आपण काढून आपण अडकवली, आपला पेला आपण भरला, की ते स्वावलंबी होतं. त्यासाठी काय लागतं? भिंतीला दोन फुटांवर एक आडवी पट्टी, तिला चार खुंट्या. लेकरू वाढलं की पट्टी वर. गावातला सुतार तासाभरात करून देतो. तीच गोष्ट फडताळाची: सर्वांत खालचा कप्पा लेकराचा, त्यात त्याचे कपडे आणि खेळणी, वरचे कप्पे घराचे. पाच वर्षांनी त्याचा कप्पा दुसरा, दहाव्या वर्षी तिसरा. मुलाबरोबर वाढणारं फर्निचर म्हणतात ते हे, आणि त्याला वेगळी खोली लागत नाही, एक भिंत लागते.

खेळण्यांबद्दल एवढंच की 1 जानेवारी 2021पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. जत्रेतला भडक रंगाचा खुळखुळा घेताना ते पाहा. आणि रंगाबद्दल: घराच्या रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या वर नको, असा नियम 1 नोव्हेंबर 2017पासून लागू आहे. त्याआधीचा जुना ऑइल पेंट पाळण्यावर किंवा दारावर असेल आणि लेकरू तो दातानं कुरतडत असेल, तर भिंतीवरचे ढग नंतर, आधी त्या रंगाचा बंदोबस्त करा.

पांगुळगाडाही घ्या, लाकडी, तीन चाकांचा, ढकलायचा. लेकरू स्वतःच्या पायांवर उभं राहून तो ढकलतं. त्याऐवजी आत बसवून चाकांवर फिरवायचे प्लास्टिकचे गोल वॉकर आता घरोघर आले आहेत. कॅनडानं 2004 साली त्यांच्या विक्रीवर बंदी घातली, कारण त्यांत बसलेली लेकरं पायऱ्यांवरून गडगडत होती, आणि चालायला ती त्यानं लवकर शिकतात असंही नाही.

पायऱ्या. आता मुद्द्याच्या मुळाशी येतो. धामणगावातलं कोणतंही नवं स्लॅबचं घर बघा. बाहेरून गच्चीवर जाणारा जिना असतो, त्याला कठडा नसतो. गच्चीलाही नसतो, लोखंडी सळया तशाच वर निघालेल्या, ‘वरचा मजला चढवायचा आहे’ म्हणून. त्या गच्चीवर उन्हाळ्यात अख्खं घर झोपतं, मिरच्या आणि शेवया वाळतात. कठडा ‘पुढच्या वर्षी’ होणार असतो. किड्स रूमची पीओपी मात्र याच वर्षी झालेली असते, आत निळे दिवे लावून.

खाली अंगणात हौद असतो. नळ रोज येत नाही, म्हणून पाणी साठवावं लागतं. हौद, ड्रम, बादल्या, सगळं उघडं. रांगणाऱ्या लेकराचं डोकं धडाच्या मानानं जड असतं. ते बादलीत वाकलं की उलटं जातं आणि त्याला स्वतःला वर काढता येत नाही. वीतभर पाणी पुरतं, आणि आवाजही होत नाही. घरातल्या कोणत्याही पलंगापेक्षा त्या हौदाच्या झाकणाचा आणि मोरीच्या दाराच्या कडीचा लेकराच्या जगण्या-वाढण्याशी जास्त संबंध आहे. विजेचे बोर्ड फरशीपासून फूटभर उंचीवर बसवले आहेत, कारण मोबाइल चार्ज करायला ते बरे पडतात. विळी भिंतीला उभी. चूल किंवा गॅस जमिनीवर.

आणि फवारणीचं औषध. कापूसवाल्या घरात ते असतंच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा सगळं राज्य हादरलं. पण त्या बाटल्या घरात कुठे ठेवल्या जातात याची चर्चा फार झाली नाही. बाजेखाली, कोनाड्यात, कधी त्या किड्स रूममध्येच, पोत्यांमागे. रिकामी बाटली धुऊन तिच्यात रॉकेल किंवा पाणी भरून ठेवायची सवय आहेच. लेकरू बाटली ओळखतं ते पाण्याची म्हणून. बाळ रांगायच्या आत घरात एक कुलपाचं कपाट, तेही पाच फुटांच्या वर आणि शक्यतो घराबाहेरच्या गोठ्याच्या भिंतीला, एवढी एक गोष्ट झाली तरी त्या घरानं लेकराचा विचार केला असं मी म्हणेन. तिची जाहिरात कुणी करत नाही, कारण त्यात कुणाला काही विकायचं नाही.

मग खोली कुणालाच नको का? हवी. आणि इथेच तो चौकोन आखणाऱ्यांशी माझं खरं भांडण आहे. खोलीची गरज शून्य वयात नसते, ती साधारण बाराव्या वर्षी येते, आणि पहिली येते ती मुलीला. पाळी सुरू होते. कपडे बदलायला, कापड किंवा पॅड ठेवायला, पोटात दुखत असताना कुणी न पाहता आडवं व्हायला जागा लागते. दहावीचा, बारावीचा अभ्यास येतो. घरात टीव्ही, पाहुणे, शेतातून आलेली माणसं. तेव्हा ती पोरगी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पिठाच्या डब्याला टेकून वाचत असते. आणि त्या दहा बाय दहाच्या खोलीचं काय झालेलं असतं? पलंगानं अर्धी जागा खाल्लेली, कपाट भिंतीत बसवलेलं आहे म्हणून हलवता येत नाही, जिराफ रंगवलेले, खिडकी एसीसाठी बंद केलेली. आणि बहुधा ती खोली भावाची झालेली असते. तिला वेगळी खोली मागायची हिंमत नसते, त्याला ती जन्मतःच मिळालेली असते.

हे मी उगाच बोलत नाही. 2011च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली नऊशेहून कमी निघाल्या. 2015मध्ये ‘बेटी बचाओ बेटी पढाओ’ची पहिली फेरी निघाली तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या दहा जिल्ह्यांत बुलढाणा होता, शेजारचा जळगावही होता. ज्या जिल्ह्यात मुलगी जन्माला येण्यावरच असा प्रश्न उभा होता, तिथे जन्माआधी सजवलेली खोली कुणाच्या स्वप्नानं सजवली जाते, हे विचारायला हवं. गर्भलिंग निदानाला 1994च्या कायद्यानं बंदी आहे, म्हणून रंग पिवळा ठेवतात. पण भिंतीवर क्रिकेटची बॅट आणि मोटार असते.

यावर मला सांगितलं जाईल की मग खोली आत्ताच बांधून ठेवली तर बिघडलं कुठे, बारा वर्षांनी मुलीला उपयोगी पडेलच. नाही पडणार, जर ती बाळासाठी बांधली असेल तर. बाळाच्या खोलीला आईबापांच्या खोलीकडे उघडं दार हवं असतं. मुलीच्या खोलीला आतून लागणारी कडी हवी असते. बाळाच्या खोलीत मऊ उजेड चालतो. अभ्यासाला टेबलावर डाव्या बाजूनं पडणारा पुरेसा उजेड लागतो. बाळाच्या खोलीत टेबलाची गरज नाही. मुलीच्या खोलीत खिडकीजवळ चार फूट मोकळी भिंत हवी, तिथे टेबल बसेल आणि त्याच्या वर प्लगसाठी आधीच टाकून ठेवलेली नळी. दोघांच्या गरजा एकाच रचनेत बसवायचा हट्ट धरला की जी खोली तयार होते ती बाळाला नको असते आणि मुलीला पुरत नाही.

बाळाला किती कमी सामान पुरतं तेही पाहा. फिनलंडनं 1938 साली गरीब आयांना बाळंतपणाआधी सरकारी पेटी द्यायला सुरुवात केली आणि 1949पासून ती सगळ्यांना मिळू लागली. पुठ्ठ्याची पेटी, आत कपडे, दुपटी आणि तळाशी गादी, म्हणजे रिकामी झाली की तीच बाळाचं अंथरूण. एका अख्ख्या देशानं आपली कितीतरी बाळं पुठ्ठ्याच्या खोक्यात झोपवली आणि ती नीट मोठी झाली. त्या पेटीसाठी आईला गरोदरपणात वेळेवर तपासणीला जावं लागायचं, खरा डाव तो होता. मोल खोक्याचं नव्हतं, तपासणीचं होतं.

तेव्हा धामणगावात, किंवा मोताळ्यात, नांदुऱ्यात, मलकापुरात घर बांधणाऱ्या तरुण जोडप्याला माझं म्हणणं एवढंच की नकाशा परत काढून घ्या. बाळासाठी त्यात गच्चीचा आणि जिन्याचा कठडा घाला, हौदाला झाकण, मोरीला वरून लागणारी कडी, बोर्ड साडेचार फुटांवर, औषधाचं कपाट बाहेर. पाळणा काकूकडून मागून आणा, त्याच्या कड्या आणि दोऱ्या तपासा, आणि आपल्या बाजेशेजारी टांगा. आणि तो दहा बाय दहाचा चौकोन राहू द्या, पण त्यावरचं ‘किड्स रूम’ खोडून टाका. भिंती कोऱ्या ठेवा, काहीही भिंतीत बसवू नका, खिडकी मोठी ठेवा, प्लगची नळी टाकून ठेवा आणि दाराला आतून कडी लावून घ्या. त्या खोलीची मालकीण यायला अजून बारा वर्षं आहेत. तोवर तिथे सोयाबीनची पोती ठेवली तरी चालतील.